चेसिस नंबरचा शेवटचा आकडा सम, म्हणून गाडी रात्रपाळीची? कमाल आहे

परवा रात्री पावणेअकराला ताईचा फोन. एवढ्या रात्री म्हटल्यावर माझ्या पोटात गोळा, तर म्हणे दाजी गाडीचं बुकिंग कॅन्सल करायला निघालेत. दसऱ्याला डिलिव्हरी, ताईने हार सांगून ठेवलेला, भाच्याने सीट कव्हरचा रंग ठरवलेला, आणि यांच्या कराडच्या ग्रुपवर मेसेज आला, "नवी गाडी घेणाऱ्यांनो सावधान!!", वर सायरनचे चित्र. मी म्हटलं पाठवा इकडे.

मेसेज थोडक्यात असा: सणासाठी कंपन्या प्रॉडक्शन वाढवतात म्हणून ऑगस्ट ते ऑक्टोबरमधली गाडी घेऊ नका. प्रॉडक्शन वाढलं की पत्रा पातळ करतात. रात्रपाळीत कामगार पेंगतात, आणि ती गाडी ओळखायची खूण म्हणजे चेसिस नंबर: शेवटचा आकडा विषम तर दिवसपाळी, सम तर रात्रपाळी. आणि शेवटी ठोकून दिलंय की "जास्त गाड्या बनवल्या म्हणून गाड्या खराब झाल्या, हे टोयोटाच्या मालकानेच कबूल केलंय".

मी चाकणला एका व्हेंडरकडे क्वालिटीत बारा वर्षं काढली, दरवाजाच्या बिजागऱ्या आणि ब्रॅकेट. म्हणजे फार मोठा तज्ज्ञ वगैरे नाही, पण लाइन कशी चालते ते रोज बघितलंय, त्यामुळे हे वाचून डोकंच फिरलं.

आधी तो सम-विषमचा प्रकार घेऊ, कारण दाजी त्यालाच सगळ्यात जास्त घाबरले होते. अहो, चेसिस नंबर १७ अक्षरांचा असतो आणि शेवटचे आकडे हा सरळ अनुक्रमांक असतो. एक गाडी ४१, मागची ४२, त्यामागची ४३. मोठ्या प्लांटमधे मिनिटाला एक गाडी बाहेर पडते. म्हणजे या मेसेजप्रमाणे दिवसपाळीवाल्याने ४१ ला बोल्ट मारायचा, लगेच डबा घेऊन बसने घरी जायचं, रात्रपाळीवाल्याने येऊन ४२ ला मारायचा, की परत पहिला हजर! आणि मुळात गाडी एका पाळीत बनतच नाही. वेल्ड शॉपमधे बॉडी उभी राहते, मग पेंट शॉपमधे प्रायमर, भट्टी, रंग, परत भट्टी असं करत तास न् तास जातात, मग असेंब्ली. जी गाडी तुम्ही घेता तिला दोन-तीन पाळ्यांचे हात लागलेले असतात. शुद्ध रात्रपाळीची गाडी अशी चीजच नसते.

बरं, पेंगण्याचं. रात्री झोप येते, खोटं कशाला बोलू, पहाटे तीन ते पाच फार वाईट. आमच्याकडे एक ट्रेनी पोरगा चार वाजता ब्रॅकेट उलटा लावत होता. फिक्श्चरला, म्हणजे पार्ट पकडून ठेवणाऱ्या चौकटीला, त्यासाठीच एक पिन असते, पार्ट उलटा बसतच नाही. याने पेंगेत प्लास्टिकच्या हातोडीने ठोकून पाहिला, तरी सेन्सरचा हिरवा दिवा लागेना, मशीन सुरूच होईना, शेवटी माझ्याकडे तक्रार घेऊन आला की मशीन बंद पडलंय. याला पोका-योके म्हणतात, आणि तो माणूस पेंगणार हे धरूनच बनवलेला असतो.

पत्र्याचं तर काय बोलावं. बाहेरचा पत्रा असतो पाऊण मिलिमीटरच्या आसपास. त्याचे कॉइल स्टील कंपनीकडून ठरलेल्या ग्रेडचे, ठरलेल्या जाडीचे येतात, आणि प्रेसच्या डाय, म्हणजे पत्रा दाबून आकार देणारे साचे, त्याच जाडीला घासून घासून, ट्रायल घेऊन सेट केलेल्या असतात, त्यात महिने जातात. उद्या कुणी म्हटलं की दिवाळी आली, जरा पातळ लावा, तर पार्टला सुरकुत्या पडतील नाहीतर कोपऱ्यात फाटेल, पुढे स्पॉट वेल्डिंगचा करंट बदलावा लागेल, म्हणजे ज्या महिन्यात गाड्या कमी पडतायत त्याच महिन्यात लाइन बंद! शिवाय मोटार वाहन नियमांत १२६ए म्हणून कलम आहे, त्याखाली चालू प्रॉडक्शनमधल्या गाड्या मंजूर नमुन्याबरहुकूम आहेत का ते वेळोवेळी तपासलं जातं. पुण्यात वेताळ टेकडीवर एआरएआय आहे ना, तसल्या संस्था हे करतात. कंपनीला पैसे वाचवायचेच असतील तर ती डिझाइन करतानाच वाचवते, मग प्रॉडक्शन महिन्याला पाचशे असो की पाच हजार.

आता प्रॉडक्शन वाढतं म्हणजे काय होतं? लोकांना वाटतं बेल्ट पळवतात. साधा हिशोब आहे, जेवण-चहा वजा जाता पाळीत ४५० मिनिटं, मिनिटाला एक म्हणजे ४५० गाड्या. तिसरी पाळी लावली की दिवसाच्या गाड्या वाढल्या, पण प्रत्येक माणसाला एका गाडीमागे मिळणारं ते एक मिनिट तेवढंच राहिलं. बेल्ट खरंच पळवला तर वाट लागते, हे मान्य. अमेरिकेत लॉर्ड्सटाउनला जनरल मोटर्सने व्हेगा गाडीची लाइन तासाला १०० गाड्यांवर नेली, माणसाला मिळायचे ३६ सेकंद, १९७२ मधे कामगार संपावर गेले. तिसऱ्या पाळीचा खरा तोटा मेसेजवाल्याला सुचलाच नाही: डाय पॉलिश करायला, पेंट बूथ साफ करायला जी रिकामी वेळ मिळायची ती जाते. ती नीट आखली नाही तर रंगात कचरा दिसायला लागतो.

राहिली टोयोटा. यात अर्धं खरं आहे, मान्य करावं लागेल. २४ फेब्रुवारी २०१० ला टोयोटाचे तेव्हाचे अध्यक्ष अकिओ टोयोडा अमेरिकन संसदेच्या समितीसमोर बसले आणि म्हणाले की आमची वाढ जरा जास्तच वेगाने झाली असावी. आधी सुरक्षितता, मग क्वालिटी, मग संख्या हा क्रम गडबडला, आणि माणसं आणि संघटना तयार करण्याच्या वेगापेक्षा आम्ही पुढे पळालो. माणसं तयार होण्याच्या वेगापेक्षा, असं म्हणाले ते. जास्त गाड्या म्हणजे खराब गाड्या असं कुठे म्हणाले? आणि ज्या भानगडीवरून बोलावलं होतं ती पायाखालचं मॅट ॲक्सिलरेटरमधे अडकण्याची आणि पेडल चिकटण्याची. म्हणजे डिझाइनचा आणि पार्टचा प्रश्न, घाईत सुटलेला बोल्ट नव्हे. ती गाडी पहाटे बनवली काय आणि दुपारी बनवली काय, मॅट तेच.

याच टोयोटाने १९८४ ला कॅलिफोर्नियात फ्रिमाँटचा जनरल मोटर्सचा बंद पडलेला प्लांट त्यांच्याच भागीदारीत चालू केला, बहुतेक कामगार जुनेच, ज्यांच्या नावाने लोक बोटं मोडायचे. थोड्याच वर्षांत त्यांच्या गाड्या जपानच्या तोडीच्या निघायला लागल्या, कारण चूक दिसली की दोरी ओढून लाइन थांबवायची मुभा साध्या कामगाराला दिली. पुढे त्याच आवारात टेस्ला आली, २०१८ ला आठवड्याला ५,००० मॉडेल थ्री काढायच्या म्हणून बाहेर तंबू ठोकून त्यात असेंब्ली लाइन टाकली, आणि बॉडीच्या पॅनलमधल्या कमीजास्त गॅपवरून जगभर हसं झालं. २०२१ मधे मस्क स्वतःच म्हणाला की गाडी एकतर अगदी सुरुवातीची घ्या नाहीतर प्रॉडक्शन स्थिरावल्यावर, मधे प्रॉडक्शन वाढवणं चालू असताना बारीकसारीक गोष्टी नीट जमवणं अवघड, आणि वेग वाढवल्यावर रंग पुरता वाळत नव्हता हेही सांगितलं. (सुरुवातीची घ्या, हे काही मला पटत नाही. नव्या मॉडेलला पहिले सहा-आठ महिने मी लांबच राहतो.)

पण दाजी, तुमचं मॉडेल चार वर्षं जुनं. त्याच डाय, तेच फिक्श्चर, दसऱ्यासाठी फार तर ओव्हरटाइम. तुम्ही दिवसाउजेडी जा, रंग तिरक्या नजरेने बघा, चारी दरवाजे उघडून लावून बघा, बनल्याचा महिना बघा. पाच हजार बुकिंगचे कापून घ्यायची हौस असेल तर तुमची मर्जी.

काल दाजी यार्डात जाऊन आले. दरवाजे बघितले, रंग बघितला, सगळं ठीक म्हणाले. संध्याकाळी परत मेसेज: "शेवटचा आकडा ७ निघाला. तरी बरं."