ओपन, शॉर्ट, लोड आणि मे महिना

लग्नाच्या मांडवात कुणी ‘काय करतोस हल्ली?’ असं विचारलं की पूर्वी मी खरं उत्तर द्यायचो. इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवतो, मायक्रोवेव्ह लॅब माझ्याकडे आहे, तिथला नेटवर्क अ‍ॅनालायझर मीच चालवतो. यातला ‘नेटवर्क’ एवढाच शब्द मांडवभर फिरायचा आणि पंगत उठायच्या आत चार-पाच मोबाइल माझ्यापुढे यायचे. ‘घरात एकच काडी दिसते रे, पाहून दे ना.’ आता मी नुसतं ‘शिकवतो’ म्हणतो आणि मठ्ठ्याचा ग्लास तोंडाला लावतो.

या यंत्राचा मोबाइलच्या काड्यांशी संबंध नाही. ते एका तोंडातून रेडिओलहर सोडतं आणि समोर जे जोडलं असेल, म्हणजे अँटेना, फिल्टर, अ‍ॅम्प्लिफायर किंवा नुसती केबल, त्याने ती लहर किती परत धाडली, किती पलीकडे जाऊ दिली आणि या येण्याजाण्यात तिची फेज, म्हणजे तिच्या चढउतारातली जागा, किती सरकली ते सांगतं. परत आली ती एस-वन-वन, पलीकडे पोचली ती एस-टू-वन. कचेरीत अर्ज टाकल्यावर त्याचं जे होतं तेच हे. फरक इतकाच की इथे निकाल सेकंदात लागतो. अँटेनाच्या बाबतीत उणे १० डीबीचा दंडक आहे (डीबी म्हणजे डेसिबल; उणे जितका मोठा तितकं परत कमी), म्हणजे शंभरातले दहा अर्ज परत, नव्वद आत. एवढं जमलं की पोरं पास.

आमचं यंत्र वयस्कर आहे. डेड स्टॉक रजिस्टरमध्ये त्याची नोंद ज्यांच्या अक्षरात आहे ते सर निवृत्त होऊन जमाना झाला. ग्राफ साठवायचा तर त्याला फ्लॉपी लागते. फट शाबूत आहे, फ्लॉपी नाही. त्यामुळे पोरं मोबाइलने स्क्रीनचा फोटो काढतात आणि आमच्या विभागातल्या प्रत्येक प्रोजेक्ट रिपोर्टमध्ये आलेखाच्या मधोमध एक ट्यूबलाइट आणि तिच्याखाली माझं टक्कल छापून येतं.

माझी खरी परीक्षा समरच्या प्रॅक्टिकलला. मे महिना, पारा पंचेचाळीसच्या पुढे, दहानंतर रस्त्यावर कुत्रं दिसत नाही. यंत्राच्या पुस्तकात लिहिलंय की सुरू केल्यावर ते निदान अर्धा-एक तास तापू द्यावं, म्हणजे आतलं सगळं स्थिरावतं. हे मी लॅबमधल्या काकांना वाचून दाखवलं तेव्हा ते भिंतीला टेकले.

“बाप्पा! नागपुरात मे महिन्यात मशीन तापवाले एक तास? गच्चीवर नेऊन ठेवा ना जी, पाच मिनिटात भजे निघतील त्याच्यावर.”

हसण्यावारी नेण्यासारखं ते नव्हतं. एकदा यंत्राचं शून्य ठरवलं, म्हणजे कॅलिब्रेशन केलं, की खोलीचं तापमान अंशभरसुद्धा हलू नये अशी अपेक्षा असते. आमच्या लॅबचा एसी मागच्या उन्हाळ्यापासून ‘दुरुस्ती प्रस्तावित’ आहे. खिडकीत कूलर आहे. वाळ्याच्या ताट्या काकांनी गुढीपाडव्यालाच बदललेल्या, वास असा की बसल्या जागी डोळा लागावा. पण कूलर लावला की त्याच्या झोताने केबल थरथरते. इथे मोजायचं होतं २.४५ गिगाहर्ट्झवर. तिथे हवेत अख्खी लहर १२ सेंटीमीटरच्या आसपास, म्हणजे फेजचा एक अंश होतो मिलिमीटरच्या तिसऱ्या हिश्श्याएवढा. पोह्याची पाकळीसुद्धा याहून जाड असते. थोडक्यात, कूलर चालू ठेवला तर केबल हलते आणि बंद केला तर माणसं हलतात.

बंद केला. मग हवा कोरडीठाक झाली आणि लोखंडी कपाटाला हात लावला की चटका बसू लागला. तसली एक ठिणगी यंत्राच्या तोंडाशी पडली तर आतला रिसीव्हर कायमचा मौनात जाऊ शकतो, म्हणून मनगटाला पट्टा बांधून त्याची वायर अर्थिंगला लावून बसायचं. असा मी खुंटीला बांधलेला, घामाने निथळत असताना मागच्या बाकावरून आवाज आला, “सर, आम्हालाबी बांधा ना राखी.”

कॅलिब्रेशन किटची पेटी मॅडमच्या, म्हणजे एचओडींच्या, कपाटात असते. रजिस्टरवर सही केल्यावर मिळते, दोन्ही हातांनी घ्यायची. आत काळ्या फोममध्ये तर्जनीच्या पेराएवढे तीन-चार सोनेरी-चंदेरी तुकडे असतात. आमच्या हिने लॉकरमधून तन्मणी काढला तरी एवढी शांतता पसरत नाही. जोडताना नुसता नट फिरवायचा, तुकड्याचं अंग फिरवायचं नाही, नाहीतर मधली पिन घासली जाते. आणि घट्ट करायचं ते टॉर्कच्या पान्याने. ०.९ न्यूटन-मीटर झालं की पाना मान टाकतो आणि खट् वाजतो. तिथे थांबायचं. हे थांबणं आमच्या पोट्ट्यांच्या रक्तात नाही. सायकलचं चाक आवळण्यात बालपण गेलेली ही पिढी. खट् वाजल्यावर पोरगा माझ्याकडे बघून आशेने विचारतो, “सर, एक आटा अजून देऊ?”

कॅलिब्रेशन म्हणजे या यंत्राची ओळखपरेड. ओपन नावाचा तुकडा मिळालेली लहर जशीच्या तशी परत करतो. शॉर्टही सगळी परत करतो, पण उलटी करून. लोड हा पन्नास ओहमचा गृहस्थ काहीच परत करत नाही, सगळं गिळून गप्प बसतो. काकांना हे एकदा समजावलं तर म्हणाले, “म्हणजे पह्यला आमचा लहान पोरगा, दुसरी त्याची आजी, अन् लोड मी.” मी आयुष्यात जेवढी मायक्रोवेव्हची पुस्तकं वाचली त्यांतल्या एकातही हे इतकं नेमकं आलेलं नाही.

या तिघांच्या साक्षी घेऊन यंत्र ठरवतं की आपलं शून्य नक्की कुठे आहे. एरवी केबलचे, जोडांचे, स्वतःच्या पोटातले सगळे दोष ते समोरच्याच्या माथी मारतं. साक्षी झाल्या की शून्य सरकत सरकत केबलच्या टोकाशी येऊन बसतं आणि तिथून पुढचंच मोजलं जातं. मी रोज सिव्हिल लाइन्समधून झिरो माईलच्या खांबावरून येतो. इंग्रजांच्या सर्वेक्षणवाल्यांचा १९०७ चा बेंचमार्क आहे तो, शेजारी चार घोडे. एवढी वर्षं झाली, ऊन म्हणू नका, पाऊस म्हणू नका, जागचा हलला नाही. आणि माझं शून्य? पंख्याचं बटण दाबलं की चाललं.

एका वर्षी एका गटाने पहाटेपासून रांगेत उभ्या असलेल्या माणसाच्या चेहऱ्याने मला बोलावलं. या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ रेघ, उणे ४० डीबी. असला अँटेना जगात कुणी केला नसेल. मीही क्षणभर हुरळलो, पेपर कुठे पाठवायचा इथपर्यंत पोचलो. मग दिसलं की अँटेना बाकावर पालथा पडलाय आणि यंत्राला लोडच लटकलाय. परत काही येत नाही हे खरं, पण बाहेरही काही जात नाही. आलेल्या अर्जांची ऊब घेत बसलेला टेबल तो.

पण पोरांना हसण्याचा मला अधिकार नाही, कारण या वर्षी मी त्याहून मोठा पराक्रम केला. ओपन आणि शॉर्ट बाहेरून जुळे भाऊ. अंगावर बारीक अक्षर कोरलेलं आहे, तेही हाताळून पुसट झालंय, आणि माझा चाळिशीचा नंबर वाढलाय हे मी घरी अजून कबूल केलेलं नाही. यंत्राने ओपन मागितला, मी शॉर्ट दिला. शॉर्ट मागितला, ओपन दिला. यंत्र हूं की चूं न करता ‘कॅलिब्रेशन पूर्ण’ म्हणालं. त्याचा स्वभावच तो. खोट्या साक्षीवर ते निमूट निकाल देतं.

गंमत म्हणजे डीबीचा आलेख जवळपास बरोबरच येतो, कारण किती परत आलं हे बदलत नाही. बदलतं ते चिन्ह. ते दिसतं स्मिथ चार्टवर, म्हणजे परतीची लहर किती आणि कोणत्या फेजने आली ते दाखवणाऱ्या गोल नकाशावर. बेल लॅब्जच्या फिलिप स्मिथ यांनी १९३९ साली प्रसिद्ध केलेला हा वर्तुळांचा गुंता आजही आमच्या पोरांना हातपाय गाळायला लावतो. उलट्या साक्षी दिल्या की तो केंद्राभोवती अर्धा गर्रकन फिरतो आणि १०० ओहमचे २५ दिसतात. अशा यंत्रावर एका बॅचने अख्खं प्रॅक्टिकल केलं, जर्नलं लिहिली आणि मी ती ‘व्हेरी गुड’ लिहून तपासली. सगळ्यांचे आकडे सारखेच चुकलेले होते, त्यामुळे शंका यायला जागाच नव्हती. पुढच्या बॅचमधल्या एका मुलीने सहज शॉर्ट पुन्हा जोडून पाहिला आणि म्हणाली, “सर, शॉर्ट तर डाव्या टोकाला जायला पाहिजे ना? हा उजवीकडे काहून बसून राह्यला?”

मी म्हणालो, “तुम्ही ओळखता का, हेच बघत होतो.” आणि शिक्षकाच्या या वाक्याचा जो अर्थ असतो तो तिने बरोबर ओळखला.

परीक्षेच्या दिवशी याच मुलीच्या गटाचा अँटेना होता. साध्या एफआर-फोर बोर्डवरचा, म्हणजे सर्किटच्या नेहमीच्या पाटीवरचा, तांब्याचा चौकोनी पॅच, लांबी २९ मिलिमीटर. हिशोबाने २.४५ ला वाजायचा तो २.३८ ला वाजला. बोर्डाच्या गुणाचा बाजारात भरवसा नसतो, त्यात पोरांचा दोष नाही. उपाय एकच, पॅच आखूड करायचा. मिलिमीटरमागे ऐंशी-एक मेगाहर्ट्झ वर सरकतो. म्हणजे जेमतेम पाऊण-एक मिलिमीटर तांबं काढायचं, तेही ब्लेडने, पंचेचाळीस डिग्रीत, आणि एक्स्टर्नल, म्हणजे बाहेरचे परीक्षक, निघालेत असा फोन आलेला असताना. जास्त खरडलं तर गेलं, परत चिकटत नाही. तिने श्वास रोखून खरडलं. आलेखातली दरी, म्हणजे सगळ्यात कमी परत येतं ती जागा, सरकत सरकत बरोबर २.४५ वर आली आणि उणे ९.२ वर येऊन अडली.

शून्य पूर्णांक आठ डीबी कमी. युनिव्हर्सिटीत निदान ग्रेस मार्क मिळतात.

इतक्यात काका आत आले. एक्स्टर्नलच्या पाण्याचे ग्लास टेबलावर मांडून रिकामा स्टीलचा ट्रे काखेत धरून ते पोरीच्या मागे वाकून पाहायला लागले आणि स्क्रीनवरची दरी खाली गेली. उणे ११.

“काका, हलू नका!” मी आणि चार पोरं एकदम ओरडलो. काकांनी जागच्या जागी पुतळा केला. ट्रेवरून परतलेली लहर अँटेनाच्या स्वतःच्या परतीला नेमकी कापत होती. तीनेक सेंटीमीटर मागे सरकवला की उलट भर घालायची, अजून तीन गेलं की पुन्हा कापायची. पुढची दहा मिनिटं आमच्या लॅबमध्ये ते दृश्य होतं जे दूरदर्शनच्या काळात प्रत्येक गच्चीवर असायचं. “थोडं डावीकडे... आलं आलं... गेलं! जसे होते तसे या काका!” फरक इतकाच की तेव्हा गच्चीवर अँटेना फिरवायचे, इथे काकांना फिरवत होतो.

“सर,” काका ओठ न हलवता म्हणाले, “मले नाकाले खाज सुटून राह्यली.”

“पाच मिनिटं काका. फक्त पाच.”

एक्स्टर्नल आले. वयाने मोठे, कोरडे, रुमाल मानेवर. स्क्रीन पाहिली, चष्मा वर करून पुन्हा पाहिली. कॅलिब्रेशन कधी केलं ते विचारलं. मुलीने सांगितलं, आणि वर शॉर्ट लावून तपासल्याचंही सांगितलं. माझ्याकडे न बघता सांगितलं, हा तिचा चांगुलपणा. त्यांनी मान डोलावली, व्हायवाचे दोन प्रश्न विचारले, उत्तरं बरोबर आली. पेन काढलं. मग उन्हाने सुकलेल्या गळ्याने म्हणाले, “जरा पाणी द्या हो काका.”

ग्लास खोलीच्या पार दुसऱ्या टोकाला होते. काकांनी माझ्याकडे पाहिलं, मी छताकडे पाहिलं. मोठ्या माणसाला पाणी नुसतं हातात द्यायचं नाही, ट्रेमध्ये द्यायचं, हे काकांच्या तीस वर्षांच्या नोकरीत मीच नव्हे तर सगळ्यांनी पाहिलेलं. त्यांनी काखेतला ट्रे अर्धा काढला. उणे ९.८. अजून थोडा काढला. उणे ९.२.

एक्स्टर्नलनी स्क्रीनकडे पाहिलं. ट्रेकडे पाहिलं. मग काकांकडे.

“राहू द्या काका, आहात तिथेच उभे राहा,” ते म्हणाले आणि पिशवीतून स्वतःची बाटली काढली. “आमच्याकडे या कामाला स्टूल आहे.”