वेल्डिंग शिकायचं, पण कोणाच्या मुलांनी?

सहावीपासून व्यवसाय शिक्षणाची ओळख करून द्यायची, असं २०२०चं राष्ट्रीय शैक्षणिक धोरण सांगतं. त्यावरून आमच्या घरच्या ग्रुपवर दोन तट पडलेत. दादा म्हणतो, पोरांच्या हाताला काम शिकवा, अमेरिकेतले वेल्डर बघा कसे ऐटीत राहतात. ताई शिक्षिका आहे. तिच्या मते ही गरिबांच्या पोरांना पुन्हा बापाच्याच धंद्याला जुंपायची वाट आहे. माझी मुलगी ह्यूस्टनजवळच्या सरकारी हायस्कूलमध्ये वेल्डिंग शिकते, म्हणून दोघंही मलाच साक्षीला उभं करतात.

दादाचं आधी. २०२३मध्ये इथल्या निम्म्या वेल्डरांची वर्षाची कमाई ४९ हजार डॉलरच्या आतच होती. त्यात घर चालतं, ऐट नाही. रिफायनरीच्या कामात जास्त पैसे मिळतात, पण ऑगस्टच्या उन्हात जाड जॅकेट घालून पाइपाखाली तासन्‌तास वाकावं लागतं. पगाराचे आकडे दाखवून कुणाच्या मुलाला या कामाकडे ओढू नये.

शिकवण्याची रीत मात्र खरंच बघण्यासारखी आहे. लेकीच्या वर्कशॉपमध्ये प्रत्येक बूथवर धूर ओढणारा पाइप आहे. ७०१८ नंबरचे वेल्डिंगचे रॉड गरम पेटीत ठेवतात, कारण त्यांच्या लेपाला दमट हवा लागली की जोडात हायड्रोजन शिरतो आणि पुढे तडा जातो. परीक्षेला दोन प्लेटी उभ्या धरून खालून वर जोडायच्या. मग त्या जोडातून पट्ट्या कापतात आणि यंत्रात घालून इंग्रजी यू अक्षरासारख्या वाकवतात, एक जोडाच्या वरच्या बाजूनं, एक तळाच्या बाजूनं. तीन मिलिमीटरपेक्षा मोठी चीर उघडली की नापास. तिथे तोंडी परीक्षा नाही, ओळखपाळख नाही. माझ्या मुलीला गणिताच्या पेपरनं जे शिकवलं नाही ते त्या वाकलेल्या पट्टीनं शिकवलं.

आपल्याकडे ग्रिल बनवणारा पोरगा साधा गॉगल लावून, पायात चपला घालून काम करतो आणि रात्री डोळ्यांत वाळू गेल्यासारखं झालं की बटाट्याच्या चकत्या ठेवून झोपतो. कौशल्य त्याच्याकडेही आहे. त्याला शिकवलं कुणी नाही, जपलं तर त्याहून नाही.

ताईची भीती मला पूर्ण पटते. अमेरिकेतही गरीब आणि कृष्णवर्णीय मुलांना वर्षानुवर्षं वर्कशॉपकडे वळवलं गेलं आणि बाकीच्यांना कॉलेजकडे. टेक्ससमध्ये २०१३च्या कायद्यानं नववीत शाखा निवडायची सोय झाली. वेल्डिंगची शाखा घेतली तरी चार वर्षांचं गणित आणि विज्ञान सुटत नाही, डिप्लोमा तोच मिळतो आणि इंजिनिअरिंगचं दार उघडं राहतं. माझ्या दृष्टीनं सगळी गोम या अटीत आहे. तरी इथल्या मराठी मंडळातल्या ओळखीच्यांना लेकीचा विषय सांगितला की पहिला प्रश्न येतो, "मार्क कमी पडतात का तिला?"

आणि यासाठी अमेरिकेचा दाखला तरी कशाला हवा? पुणे जिल्ह्यातल्या पाबळला डॉ. श्रीनाथ कालबागांनी १९८३मध्ये विज्ञान आश्रम काढला. तिथल्या अभ्यासक्रमात आठवी ते दहावीची मुलं आठवड्यातला एक दिवस वेल्डिंग, वायरिंग, शेती, आरोग्य असं सगळं हातानं करत शिकतात. शाळा त्यांची सुटत नाही, हे महत्त्वाचं.

म्हणून ताई, तू विरोध कर, पण नेमका कर. धोरणात सांगितलेल्या दप्तराविना दहा दिवसांत वेल्डिंग येत नाही, हे सांग. धूर ओढायची सोय आणि शिकवणारा पगारी माणूस असल्याशिवाय आर्क, म्हणजे वेल्डिंगची ठिणगी, पेटवू देऊ नकोस. अकरावी सायन्सचा रस्ता बंद होणार नाही, हे लेखी माग. आणि दादा, तुझी नात पुण्यात ज्या शाळेत जाते, तिथल्या पुढच्या पालकसभेत आधी वर्कशॉपची मागणी कर.