खुलासा : ‘ते’ तैलचित्र कोल्हापूरचे चित्रकार आबालाल यांचं नाही

करडी लांब दाढी, काळा सैल अंगरखा, खुर्चीत बसलेले, हातात पुस्तक. या म्हाताऱ्याचं तैलचित्र ‘आबालाल रहिमान यांनी रंगवलेले राजज्योतिषी’ म्हणून कोल्हापुरातल्या ग्रुपांवर फिरतंय. ते चूक आहे. हे गृहस्थ रशियन लेखक लिओ टॉलस्टॉय, चित्रकार इल्या रेपिन, साल १८८७. टॉलस्टॉय यांची ‘वॉर अँड पीस’ ही कादंबरी पूर्ण होऊन तेव्हा दीड तप लोटलं होतं. टॉलस्टॉय यांच्या यास्नाया पोल्याना या जहागिरीवरच रेपिन यांनी ते रंगवलं. आता ते मॉस्कोच्या त्रेत्याकोव्ह गॅलरीत आहे. अंगावरचा तो ‘ज्योतिषाचा झगा’ म्हणजे साधा रशियन सदरा. राजज्योतिषी कुठून उगवला, अंबाबाईलाच ठाऊक! आबालाल यांचं कौतुक करायचंय ना? मग त्यांची रंकाळ्याची निसर्गचित्रं टाका की राव, रशियातून उसनवारी कशाला?