खुलासा: गरोदरपणातला वाढलेला ‘टोटल टी-४’

‘गरोदरपणात टोटल टी-४ वाढला म्हणजे थायरॉईड जास्त झालं, गोळी बंद करा’ असा मेसेज फिरतोय. (टी-४ म्हणजे थायरॉईड ग्रंथीचं हार्मोन, टोटल टी-४ म्हणजे रक्तातला त्याचा सगळा साठा, आणि गोळी म्हणजे थायरॉईड कमी असल्यास घ्यायची हार्मोनची गोळी.) हे चूक आहे, आणि बाळासाठी धोक्याचंही.

गरोदरपणात इस्ट्रोजेन वाढतं. त्यामुळे यकृतात बनणारं, थायरॉईड हार्मोन वाहून नेणारं टीबीजी हे प्रथिन रक्तात वाढतं, जास्त काळ टिकतं. टी-४ चा ९९ टक्क्यांहून अधिक भाग प्रथिनांना चिकटलेला असतो, म्हणून टोटलचा आकडा सुमारे दीडपट होतो. कामी येतो तो न चिकटलेला, मोकळा भाग, आणि तो असा वाढत नाही. लॅबमध्ये मी असे रिपोर्ट नेहमी पाहते: टोटल वाढलेला, टीएसएच (थायरॉईडला कामाला लावणारं मेंदूतल्या ग्रंथीचं हार्मोन) व्यवस्थित. उलट, आधीपासून गोळी घेणाऱ्या बऱ्याच जणींना या काळात डोस वाढवावा लागतो.

कृपया तो मेसेज पुढे पाठवू नका. कुणी गोळी बंद केली असेल, तर तिला आजच डॉक्टरांशी बोलायला सांगा.