गाडी 'बघून सांगा', पण बघण्याचे पैसे द्या

सातारा-कऱ्हाडपासून पेठ नाक्यापर्यंत हायवेकडेच्या कुठल्याही गॅरेजात ट्रक लावा, "मिस्त्री, जरा बघून सांगा" हे फुकटच धरलेलं असतं. मालकाचं नुकसान इथंच सुरू होतं, असं माझं स्पष्ट मत आहे. अर्धा दिवस घालवून मिस्त्रीनं नुसती सैल होज क्लिप (रबरी नळी आवळणारी पट्टी) शोधून काढली, तर त्याच्या हातात काय पडणार? इंजिन उतरवलं तर मजुरी सुटते. मग तो उतरवायलाच सांगतो, आणि दरवेळी त्यात लबाडी असतेच असं नाही. तपासणीचे हजार-दीड हजार वेगळे ठरवा. काम दुसरीकडे केलं तरी ते द्या.

पुण्याकडून येताना खंबाटकी घाटात लोडगाडी दम टाकते आणि काळा धूर सोडते. काळा धूर म्हणजे डिझेलच्या मानानं हवा कमी. आधी एअर फिल्टर बघा, मग टर्बो (इंजिनात हवा दाबून भरणारा) ते इंटरकूलर (ती हवा थंड करणारा) आणि तिथून इंजिनपर्यंतचे होज. फुटलेल्या होजभोवती तेलकट काळपट डाग हमखास दिसतो. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय.

स्कॅनर लावला आणि पी 0087 कोड आला की लगेच "डिझेलचा पंप गेला" म्हणतात. त्या कोडचा अर्थ एवढाच, की रेलमध्ये, म्हणजे सगळ्या नोझलना डिझेल पुरवणाऱ्या सामाईक नळीत, डिझेलचं प्रेशर कमी आहे. फिल्टर चोक असेल, सक्शन लाइन हवा ओढत असेल किंवा एखादं नोझल (इंजेक्टर) रिटर्नला जास्त डिझेल सोडत असेल. रिटर्न पाइप बाहेरून असलेल्या इंजिनला प्रत्येक नोझलची नळी वेगळ्या बाटलीत सोडा आणि गाडी आयडलला ठेवा. जी बाटली बाकीच्यांच्या दुप्पट-तिप्पट भरते, ते नोझल आधी काढून पंप-नोझल दुरुस्त करणाऱ्याकडे द्या. पंपाचं नंतर बघू.

सगळ्यात जास्त फसगत होते ती बॅक कॉम्प्रेशनला, म्हणजे दाब इंजिनच्या खालच्या चेंबरमध्ये उतरून ऑइलच्या झाकणातून बाहेर यायला लागतो तेव्हा. ऑइलचं झाकण काढलं, भकाभका वाफ आली, की "रिंगा गेल्या, हाफ इंजिन करा" (रिंगा-पिस्टन बदला) हे ठरलेलं. पण ब्रेकच्या हवेचा कॉम्प्रेसर झिजला तरी हवा इंजिनच्या चेंबरमध्येच उतरते. टर्बोचं सील गेलं तरी तेच. कॉम्प्रेसरचा डिलिव्हरी पाइप सोडून गाडी चालू करा आणि झाकण पुन्हा बघा. जोर उतरला तर दोष कॉम्प्रेसरचा. हवेच्या टाकीतून ऑइल निघत असेल तर संशय आणखी पक्का. रेडिएटरमधल्या बुडबुड्यांचंही असंच. पाण्यावर थंड होणाऱ्या कॉम्प्रेसरचं हेड गॅस्केट गेलं तरी बुडबुडे येतात आणि इकडे इंजिनचं हेड उतरवून लेथवर पोचलेलं असतं!

खरंच खोलायची वेळ आली तर मापं कागदावर घ्या. लायनर (पिस्टन ज्यात वर-खाली होतो ती नळी) वरच्या रिंगेच्या जागी सर्वात जास्त झिजतो, बोअर गेज (आतला व्यास मोजायचं साधन) तिथं लागला पाहिजे. क्रँकची जर्नल (बेअरिंगमध्ये फिरणारा भाग) मायक्रोमीटरनं मोजल्याशिवाय "पंचवीसला घासू" (0.25 मिलिमीटर बारीक करू) हे ऐकून घेऊ नका. वेट लायनर (ज्याला बाहेरून पाणी लागतं तो) ब्लॉकच्या पातळीपेक्षा किंचित वर राहावा लागतो, हे माप मिलिमीटरच्या शंभराव्या भागात असतं. तो खाली बसला तर नवं हेड गॅस्केटही उडतं, मग दोष गॅस्केटच्या कंपनीला.

पैशांचं म्हणाल तर मजुरी उक्ती ठरवा. पार्ट, लेथकाम आणि ऑइल वेगवेगळं लिहून घ्या. ॲडव्हान्स मिस्त्रीला देण्यापेक्षा पार्टच्या दुकानात भरा, बिलावर पार्ट नंबर हवा. 22 सप्टेंबर 2025 पासून स्पेअर पार्टवर सरसकट 18 टक्के जीएसटी आहे, कुणी अजून 28 लावत असेल तर विचारा. जुने पार्ट पोत्यात भरून परत घ्या. जुना टर्बो आणि नोझल एक्स्चेंजला चालतात, त्यांची किंमत बिलातून वजा झाली पाहिजे.

आणि उधारी. ऊस वाहतुकीची बिलं अडकली की गाडीवाला मिस्त्रीला थांबवतो, मिस्त्री तो भार पुढच्या बिलात चढवतो. वेगळं काही ठरलं नसेल तर केलेल्या कामाच्या पैशांसाठी गाडी ठेवून घ्यायचा हक्क त्याला आहे, भारतीय करार कायदा 1872, कलम 170. पण तो त्या गाडीवरच्या कामापुरताच. दुसऱ्या गाडीच्या जुन्या बाकीसाठी ही गाडी अडवता येत नाही. मोठं काम पावसाळ्यातच काढा. गळीत हंगाम तोंडावर आला की लेथवाल्याकडे नंबर लागत नाही आणि घाईत मापं घ्यायला कुणाला सवड नसते.