आरोग्य समितीवर नाव आलंय? काही करू नका

अभिनंदन! ग्रामसभेत अगदी शेवटी, 'ऐनवेळचे विषय' चालू असताना तुमचं नाव ग्राम आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा आणि स्वच्छता समितीवर घातलं गेलं आणि तुम्ही तेव्हा बाहेर चहा पीत होतात म्हणून नको म्हणता आलं नाही. माझंही असंच झालेलं. सात वर्षं होतो मी समितीवर, आमच्या सिंधुदुर्गातल्या एका वाडीत, त्यामुळे अनुभवाने सांगतो, घाबरू नका, कायदे भरपूर आहेत पण ते अंगाला लावून घ्यायचे नसतात.

समितीला वर्षाला दहा हजारापर्यंत अबंधित निधी येतो. अबंधित म्हणजे गावाच्या आरोग्याला जे लागेल त्यावर खर्च करायचा, आमच्या गावाच्या आरोग्याला दरवर्षी सतरंजी, फिनेल आणि मीटिंगची भजी लागायची.

खरं काम म्हणजे टीसीएल. पाण्यात टाकायची ब्लिचिंग पावडर ती. टीसीएलचा फुल फॉर्म विचारू नका, मला सात वर्षांत कोणी सांगितला नाही. गोणी पंचायतीच्या मागच्या खोलीत तोंड उघडं ठेवूनच ठेवायची. जूनमध्ये आपल्याकडे बंद डब्यातला पापड मऊ पडतो, तर ही पावडर काय टिकणार, गोळे होतात आणि क्लोरीन उडून जातं. पावडर जाग्यावर राहते आणि त्यातला जीव निघून जातो, आपल्या वाडीतल्या घरांसारखं. पण रजिस्टरमध्ये 'टीसीएल टाकले' असं रोज लिहायचं, आणि ते खोटं पण नाही, टाकलेलं असतंच.

आता हे चेक करायला आरोग्यसेवक येतो, त्या तपासणीला ओटी टेस्ट म्हणतात. नळाच्या पाण्यात लिटरमागे निदान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन उरलेलं पाहिजे, औषधाचे थेंब टाकले की पाणी पिवळं होतं, नाही झालं तर क्लोरीन नाही. आमच्याकडे पहिल्यांदा आरोग्यसेवक येऊन सांगून गेला की उद्या विहिरीची ओटी घ्यायची आहे, तर आमची काकी सकाळी आठ वाजता खण, नारळ, तांदूळ, हळदकुंकू घेऊन विहिरीवर हजर. नऊवारी नेसून. तिला कोण सांगणार! तिने आधी यथासांग ओटी भरली, आरोग्यसेवक बिचारा चपला काढून बाजूला उभा, मग त्याने आपली काचेची नळी काढली, पाणी घेतलं, थेंब टाकले. पाणी होतं तसंच. काकी नळीत डोकावून म्हणाली, "बघ, कसा निवळशंख पाणी हा, काय्येक दोष नाय." नारळ फोडला, सगळ्यांना खोबरं वाटलं, आरोग्यसेवकाने पण त्याच पाण्याने हात धुवून खाल्लं. कार्यक्रम छान झाला.

त्यानंतर आम्ही शहाणे झालो. पावसाआधी आणि पावसानंतर असे वर्षातून दोनदा पाण्याचे स्रोत तपासून पंचायतीला कार्ड देतात, जोखीम जास्त तर लाल, मध्यम तर पिवळं, कमी तर हिरवं, आणि सलग पाच वर्षं हिरवं आणि गावात साथ नाही तर चंदेरी. तर तपासणी आहे असा फोन आला की (येतो, गावातला एक जण तालुक्याला कामाला असतोच) आदल्या रात्री नवीन गोणी फोडायची आणि महिन्याची पावडर एकदम टाकायची. आमची नळी तर हळदीचं दूध दिसत होती. हिरवं कार्ड मिळालं, फोटो निघाला, आणि दुसऱ्या दिवशी आख्खी वाडी चहा नासला म्हणून पंचायतीवर. त्यावर ग्रामसभेत एकमताने ठरलं की पावडर जरा कमी टाका. गणपूर्ती झालेली माझ्या आठवणीतली ती एकच ग्रामसभा.

त्याच आषाढात जुलाब-उलट्या सुरू झाल्या. आमच्याच घरातले दोघं सलाईनवर होते. पाइप गटारातून जातो आणि तिथे तो फुटलाय हे सगळ्यांना माहीत होतं, कारण तिथे उन्हाळ्यात पण आळू फोफावलेलं असायचं आणि लोक फदफद्याला तिथनंच नेत. समितीने तातडीची मीटिंग लावली आणि निष्कर्ष काढला, लग्नातलं जेवण बाधलं असणार. लग्न होऊन तीन आठवडे झाले होते. तुम्ही पण असंच करा, पाइप बदलायला अंदाजपत्रक लागतं, लग्नाला काही लागत नाही.

तंबाखूचं त्यामानाने सोपं आहे. २००३ चा कायदा आहे, सार्वजनिक जागी ओढलीत तर दोनशे रुपयांपर्यंत दंड, आणि तक्रार कोणाकडे करायची त्याचं नाव बोर्डावर पाहिजे. आमच्या बोर्डावर सरपंचांचं नाव होतं आणि ते बोर्डाखालच्या बाकावरच बसून ओढायचे, म्हणजे तक्रार करायला लांब जायला नको. पुढे दोन पावसाळ्यांत खाऱ्या वाऱ्याने पत्रा खाल्ला आणि नेमका 'गुन्हा' शब्द गेला, आता नुसतं 'येथे धूम्रपान करणे आहे' एवढंच वाचता येतं. बदलू नका. शेजारी गोव्याने धूम्रपान आणि थुंकण्याविरुद्ध १९९७ लाच कायदा केला होता, पण गोव्याहून आपण काय आणायचं ते आपलं ठरलेलं आहे.

गुटख्यावर जुलै २०१२ पासून राज्यात बंदी. अन्नसुरक्षा कायद्याखाली ती एकेका वर्षाची असते, म्हणून आदेश पुन्हा पुन्हा काढावा लागतो, सत्यनारायण घालतात तसा. पुडी मिळते, फक्त मागताना आवाज खाली घ्यायचा. आमच्याकडे एक आजोबा ती सोडायला तयार नव्हते, म्हणाले शिरोड्याला १९३० साली मिठाचा कायदा मोडला तो आपल्याच लोकांनी, आपली परंपरा आहे. यावर तुम्ही काय बोलणार?

पण कायदा काहीच कामाचा नाही असं समजू नका हां, भावकीत त्याच्यासारखं हत्यार नाही. मुंबईत प्लेग आला तेव्हा इंग्रजांनी १८९७ चा साथरोग कायदा केला, तो मार्च २०२० मध्ये राज्याने पुन्हा बाहेर काढला आणि मे महिन्यात चाकरमानी गावाला यायला लागले. ज्या चुलत्याशी सातबाऱ्यावरून कोर्टात चालू आहे त्याचा मुलगा आला, तो चौदा दिवस शाळेत. नियम म्हणजे नियम! मी स्वतः उभा राहून दाराला कडी लावून घेतली, तेवढी तळमळ मला सार्वजनिक आरोग्याची कधीच वाटली नव्हती. माझा मेव्हणा त्याच आठवड्यात आला, तो रात्री पाणंदीतून घरी. तेव्हापासून मी बघतोय, सांडपाणी सगळ्यांचंच रस्त्यावर येतं पण तक्रार अर्ज पडतो तो ज्याच्याशी बांधाचं भांडण आहे त्याच्याच नावाने. गटारातल्या पाइपवर मात्र अजून एक अर्ज नाही, कारण तो सगळ्यांच्या हद्दीतून जातो, वैर कोणाशी धरणार?

शेवटचं आणि नाजूक, टपरी. शाळेपासून शंभर यार्डाच्या आत, म्हणजे साधारण ९१ मीटर, तंबाखू विकता येत नाही. आमच्या शाळेजवळची टपरी माझ्या चुलत भावाची (दुसऱ्या, हा आपल्या बाजूचा). सुताराचा टेप आणून मोजलं, जांभ्याच्या गडग्याला वळसा घालून रस्त्याने मोजलं तर व्यवस्थित एकशे दहा यार्ड भरलं, मी सही पण केली. मग एका मास्तरने नियम काढून दाखवला की शाळेच्या कुंपणापासून सरळ रेषेत मोजायचं. सरळ रेषेत साठ. टपरीवर 'अठरा वर्षांखालील व्यक्तीस विक्री गुन्हा आहे' हा बोर्ड आहेच, त्याच्याखाली शाळा सुटल्यावर भावाचा मुलगा गल्ल्यावर बसतो, तो बारा वर्षांचा, पण बोर्डावर वय घेणाऱ्याचं लिहिलंय.

तर टपरी हलवू नका, भांडण पण नको. शाळेचा पट बघा. आमचा सातवर आलाय, वरचे दोघं मुंबईला चाललेत, पहिलीत यंदा कोणी नाही. शाळाच राहिली नाही तर शंभर यार्ड मोजणार कुठून? उरलेल्यांतला एक तो गल्ल्यावरचा आहे आणि तो यंदा सातवीत आहे, म्हणजे एप्रिलपर्यंतच कळ काढायची.