"३५ डिग्रीला ब्रिटन गळपटलं" वाल्या फॉरवर्डला उत्तर

युकेत पारा तिशीच्या वर गेला की एक फॉरवर्ड न चुकता फिरायला लागतो. मजकूर दरवेळी थोडा बदलतो पण गाभा तोच, साधारण असा: "ब्रिटनमधे ३५ डिग्रीला हाहाकार! ट्रेन बंद, रस्ते वितळले, माणसं बेशुद्ध. आपल्याकडे ४५ मधे लोक उन्हात राबतात. हे गोरे नाजूक. त्यांची घरं थंडीसाठी इन्सुलेट केलेली म्हणून भट्टी होतात, एवढे श्रीमंत आहेत तर एसी लावा की. १९७६ लाही असाच उन्हाळा होता, तेव्हा कोणी रडलं नाही. फारच उकडत असेल तर तळ्यात उडी मारा." खाली हसणाऱ्या इमोजींची रांग.

मी बरीच वर्षं लंडनमधे राहते त्यामुळे नातेवाईक हमखास मला टॅग करून "खरंय का गं?" विचारतात. म्हणून एकदाच काय ते लिहून ठेवते, पुढच्या वेळी नुसती लिंक देईन.

आधी आकडा. ३५ जाऊ दे, १९ जुलै २०२२ ला लिंकनशरमधल्या कॉनिंग्सबीला ४०.३ झालं होतं. युकेत ४० पहिल्यांदाच ओलांडलं, त्याआधीचा रेकॉर्ड २०१९ चा केंब्रिजचा ३८.७. आणि हे एकाच ठिकाणी थर्मामीटर चुकीच्या जागी लावल्यासारखं प्रकरण नव्हतं, त्या दिवशी ४६ स्टेशनांनी जुना रेकॉर्ड गाठला किंवा मोडला. मेट ऑफिसने (युकेचं हवामान खातं) अतिउष्णतेची रेड वॉर्निंग दिली ती पण इतिहासात पहिलीच.

आता "नाजूक". माणसाच्या शरीराला उष्णतेची सवय लागते, पण त्याला साधारण एक ते दोन आठवडे जातात. त्या काळात घाम लवकर सुटायला लागतो, घामातून मीठ कमी जातं, रक्तातलं पाणी वाढतं, हृदयावरचा ताण कमी होतो. आपल्याकडे मार्चपासून पारा हळूहळू चढतो म्हणून मे येईपर्यंत शरीर तयार झालेलं असतं. युकेत २०२२ ला काय झालं तर खरी भाजणारी लाट दोन दिवसांची, १८ आणि १९ जुलै, आणि २० ला परत आटोक्यात. सवय लागायला वेळ मिळालाच नाही. आणि गंमत म्हणजे ही सवय जाते पण तितकीच पटकन, थंड हवेत काही आठवडे काढले की संपली. त्यामुळे "मी काय इंडियात वाढलोय, मला नाही काही होत" म्हणणारे इथले आपले काका-मामा दहा वर्षं इथे राहिल्यावर शरीराने शेजारच्या गोऱ्याइतकेच कच्चे असतात, फक्त त्यांना ते माहीत नसतं, आणि बीपीची किंवा लघवी वाढवणारी गोळी चालू असेल तर जास्तच जपायला हवं.

मरतं कोण हे पण बघा. उन्हात राबणारा धडधाकट माणूस डोळ्यासमोर आणून आपण तुलना करतो, पण इथे बळी जातात ते बहुतेक ६५ च्या पुढचे, हृदयाचे, फुफ्फुसाचे, किडनीचे पेशंट, घरात एकटे. सर्टिफिकेटवर "ऊन" असं कोणी लिहीत नाही, हार्ट अटॅक लिहितात, त्यामुळे नेहमीपेक्षा किती जास्त माणसं गेली यावरून अंदाज काढावा लागतो. २०२२ च्या उन्हाळ्यातल्या पाच लाटांत मिळून एकट्या इंग्लंडमधे तो अंदाज २,९८५ निघाला. आणि आपल्याकडे ४५ मधे काहीच होत नाही हेही खोटंच आहे. मे २०१० च्या लाटेत अहमदाबादमधे तेराशेच्या वर जास्तीचे मृत्यू झाले, म्हणून तर त्या शहराने २०१३ मधे उष्णतेचा कृती आराखडा आणला. सवय असलेली माणसंही मरतात, आपण ती मोजायला उशिरा लागलो एवढंच.

ट्रेनचं मात्र मला फार आवडतं कारण त्यात सरळ इंजिनिअरिंग आहे. "आमच्याकडे नाही का रूळ?" आहेत की. पण लांबच्या लांब वेल्ड केलेला रूळ बसवताना तो कुठल्या तापमानाला ताणरहित असेल हे ठरवावं लागतं, त्याच्या वर गेलं की रूळ फुगायला बघतो आणि खाली गेलं की आकसायला. युकेत हे तापमान २७ डिग्री धरलंय. कडक उन्हात रूळ हवेपेक्षा २० डिग्रीने सहज जास्त तापतो, म्हणजे हवा ४० तर रूळ ६० च्या घरात. मग वाकायचा धोका, म्हणून स्पीड कमी, म्हणून गाड्या कमी, २०२२ च्या १९ जुलैला तर लंडनहून उत्तरेला जाणाऱ्या ईस्ट कोस्ट मेन लाइनचा लंडनकडचा भाग बंदच ठेवला होता. गरम देशात हेच तापमान वरचं धरतात. मग इथे पण वरचं का नाही धरत? कारण मग जानेवारीत उणे पाच-दहाला तोच रूळ आकसून तडकतो. दोन दिवसांच्या उन्हाळ्यासाठी दरवर्षीचा हिवाळा कोण धोक्यात घालेल.

रस्ते "वितळले" हे थोडं फुगवून सांगितलंय, डांबर मऊ पडतं, आणि त्यावर बारीक खडी-वाळू टाकायला हिवाळ्यात मीठ टाकणारे ट्रक जुलैत बाहेर काढले होते, दृश्य विनोदी होतं हे मान्य. ल्यूटन विमानतळाची धावपट्टी १८ ला खराब झाली, विमानं थांबली. लंडनच्या हॅमरस्मिथ ब्रिजचे भाग तर चकचकीत फॉइलमधे गुंडाळले होते. पण एक हसण्यासारखं नाही, १९ ला लंडनच्या एका मोठ्या हॉस्पिटल ट्रस्टच्या डेटा सेंटरचं कूलिंग बसलं आणि पेशंटचे रेकॉर्ड डॉक्टरांना दिसेनात. बाकी "सगळं बंद केलं" म्हणाल तर सरकारने शाळा उघड्या ठेवायलाच सांगितलं होतं, आणि ऑफिस किती गरम झालं की काम थांबवायचं याची कायद्यात कमाल मर्यादाच नाहीये.

घरं. इथे फॉरवर्ड निम्मा बरोबर आहे आणि कारण साफ चुकीचं देतो. इन्सुलेशन, म्हणजे भिंती-छपरातला उष्णता अडवणारा थर, दोन्हीकडून अडवतं, बाहेरचीही आत यायला वेळ लावतं. छपराखाली नीट इन्सुलेशन असलेलं घर उन्हाळ्यात उलट बरं असतं, आणि इंग्लंडमधली बरीच जुनी घरं तर इतकी गळकी आहेत की हिवाळ्यात ऊब टिकत नाही. खरा चोर आहे खिडकी. जुलैत लंडनला सूर्य पाचला उगवतो आणि नऊनंतर मावळतो, सोळा तास ऊन. शिवाय आपल्यासारखा डोक्यावर येत नाही, तिरका राहतो, त्यामुळे छप्परापेक्षा काचेतून थेट खोलीत घुसतो, पश्चिमेच्या खिडकीतून संध्याकाळी सात वाजता पलंगावर ऊन असतं. एकदा आत आलं की पडदा लावून उपयोग अर्धाच, कारण पडदा तापतो तोही आतच. अडवायचं तर काचेच्या बाहेर. स्पेन-इटलीत बाहेरून झडपा असतात, इथे त्या लावणं कठीण कारण इथल्या खिडक्या बहुतेक बाहेर उघडतात. त्यात नव्या फ्लॅटना एकाच बाजूला खिडक्या, वरच्या मजल्यांवर सेफ्टीसाठी त्या जेमतेम चार बोटं उघडणाऱ्या, आरपार वारा नाही. आणि विटा दिवसभर पितात ती उष्णता रात्री सोडतात, १८ च्या रात्री काही ठिकाणी पारा २५ च्या खाली उतरलाच नाही. झोप नाही आणि शरीराला सुट्टी नाही, माझ्या मते दुपारच्या ४० पेक्षा हे जास्त वाईट. नवीन घरं फार तापू नयेत असा नियम इंग्लंडमधे आला तो १५ जून २०२२ ला, म्हणजे रेकॉर्डच्या महिनाभर आधी, आणि तोही फक्त नवीन बांधकामाला.

मग एसी लावा? इंग्लंडमधे तेव्हा ५ टक्क्यांहून कमी घरांत एसी होता. भाड्याच्या किंवा लीजच्या फ्लॅटला बाहेर युनिट लावायला मालकाची परवानगी, जुन्या संरक्षित भागात कौन्सिलची वेगळी, वर विजेचं बिल. राहिला पोर्टेबल, त्याचा नळा बाहेर उघडणाऱ्या खिडकीतून काढायचा आणि फटीतून तीच गरम हवा परत आत घ्यायची. आजारी म्हाताऱ्या माणसाच्या घरी असावा हे मला पटतं, सरसकट नाही.

इथे आपल्याच लोकांचा उलटा दावा पण खोडून टाकते. "युकेतलं ३० म्हणजे आपल्याकडचं ४५, ह्युमिडिटी फार" असं इथले बरेच देशी लोक घरी फोनवर सांगतात. १९ जुलैला हवा चांगली कोरडी होती, त्यामुळेच तर गवत पेटलं, पूर्व लंडनच्या वेनिंग्टनमधे घरंच्या घरं जळाली आणि लंडन फायर ब्रिगेडचा तो दुसऱ्या महायुद्धानंतरचा सर्वात धावपळीचा दिवस ठरला. उकाड्याचं कारण वर दिलंय, ते घरात आहे. खोटं बोलून बाजू मांडायची गरज नाही.

१९७६. तो उन्हाळा भयंकर होताच, २३ जून ते ७ जुलै सलग १५ दिवस इंग्लंडमधे कुठे ना कुठे ३२ च्या वर. पण त्याचा सर्वोच्च आकडा चेल्टनहॅमचा ३५.९, म्हणजे २०२२ पेक्षा चार डिग्रीहून जास्तच खाली. "कोणी रडलं नाही" तर सोडाच, दुष्काळासाठी संसदेने वेगळा कायदा केला, डेनिस हॉवेल यांना दुष्काळमंत्री नेमलं, काही भागात लोक रस्त्यावरच्या नळावरून पाणी भरत होते, आणि जास्तीचे मृत्यू तेव्हाही झाले. तेव्हा तो अपवाद होता. २०२५ चा उन्हाळा सरासरीने युकेचा सर्वात गरम ठरला आणि १९७६ पहिल्या पाचातून बाहेर गेला.

ज्यांचे आईवडील उन्हाळ्यात इकडे येणार असतील त्यांच्यासाठी: दिवसा बाहेर जास्त गरम असेल तर खिडक्या बंद, ऊन येणाऱ्या काचेवर शक्यतो बाहेरून चादर, रात्री बाहेर गार झालं की सगळं उघडा. खोली ३५ च्या वर असेल तर नुसत्या पंख्यावर विसंबू नका, तो गरम हवाच अंगावर मारतो, त्यापेक्षा ओल्या फडक्याने अंग पुसा, हातपाय पाण्यात ठेवा. माणूस गोंधळल्यासारखा बोलायला लागला तर वाट न बघता ९९९.

आणि ती तळ्यात उडी, फॉरवर्डमधला हा एकच जोक मला खरंच धोक्याचा वाटतो. हवा ३५ असली तरी इथल्या तळ्यांचं, नद्यांचं पाणी वरच्या थराखाली गार असतं, तापलेलं अंग एकदम त्यात गेलं की श्वास अडकतो, धाप लागते, नाकातोंडात पाणी जातं, चांगला पोहणाराही बुडतो, दर लाटेत अशा बातम्या येतात आणि त्यात बहुतेक तरुण मुलं असतात. पडलातच तर हातपाय मारू नका, उताणे व्हा, कान पाण्यात जाऊ देत, तोंड वर ठेवा. मिनिट दीड मिनिटात श्वास ताळ्यावर येतो, मग हाक मारा किंवा काठाकडे निघा.